परमुलखातले दुखणे : १९३८ चे भारतीय वैद्यकीय पथक आणि आजारी पडलेले डॉक्टर

परमुलखात सेवेसाठी गेलेल्या माणसाचा मृत्यू इतिहासात नोंदवला जातो. त्याचे दुखणे मात्र सहसा नोंदवले जात नाही, आणि ज्या दुखण्याचा शेवट मृत्यूत होत नाही, ते तर चरित्राच्या तळटीपेतही क्वचितच उरते. १९३८ साली भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकाची हकिकत महाराष्ट्रात आजवर पुष्कळ वेळा सांगितली गेली आहे. ती बहुधा सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची हकिकत म्हणूनच सांगितली जाते आणि तिच्यातला गाभा त्यागाचा असतो. तीच हकिकत आजारपणाच्या अंगाने वाचली, तर तिच्यात दुसरी माणसे पुढे येतात आणि काही अवघड प्रश्न उभे राहतात. दुसऱ्यांना बरे करायला गेलेला डॉक्टर स्वतः अंथरुणाला खिळला, तर त्याची नाडी कोण पाहणार, औषध कुठून येणार, परतीची वाट कोण काढून देणार आणि परतलेल्याकडे समाज कोणत्या नजरेने पाहणार, या प्रश्नांची तजवीज पथक पाठवताना कुणी फारशी केलेली दिसत नाही.

खानदेशाच्या बाजूने पाहता या पथकाची पूर्वपीठिका फैजपूरपासून मांडता येते. डिसेंबर १९३६ मध्ये आजच्या जळगाव जिल्ह्यातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. शहराऐवजी खेड्यात भरलेले ते काँग्रेसचे पहिले अधिवेशन होते. शंकरराव देव, धनाजी नाना चौधरी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी त्याची उभारणी केली, साने गुरुजींनी त्यासाठी खानदेशात गावोगाव हिंडून लोकांना साद घातली आणि नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या साध्या, स्थानिक सामग्रीतून मंडपनगरी सजवली. अध्यक्षपदावरून बोलताना जवाहरलाल नेहरूंनी हिंदुस्थानच्या लढ्याला जगभर चाललेल्या फॅसिझमविरोधी संघर्षाच्या शेजारी नेऊन बसवले आणि स्पेनमध्ये पेटलेल्या यादवी युद्धाकडे श्रोत्यांचे लक्ष वेधले. केळी आणि कापूस पिकवणाऱ्या मुलखातल्या शेतकऱ्यांसमोर माद्रिदची कहाणी मांडली जावी, यात आज काहीसे नवल वाटेल. परंतु दोनच वर्षांनी चीनला डॉक्टर पाठवण्याचा विचार ज्या मनोभूमीत रुजला, ती अशा भाषणांनी तयार होत होती.

फैजपूरचा उल्लेख आणखी एका कारणाने करायला हवा. अधिवेशनात राबलेले स्वयंसेवक बहुतांशी आसपासच्या तालुक्यांतले होते आणि पाणी, सफाई, पाहुण्यांची व्यवस्था ही त्यांची कामे होती. अशा ठिकाणी एखादा पोरगा तापाने फणफणला, तर त्याला बैलगाडीत घालून घरी पोहोचवणे हाच सर्वांत सरळ उपाय असे, आणि पुढची शुश्रूषा आई, आजी किंवा गावचा वैद्य करीत असे. देशी चळवळीतल्या स्वयंसेवेचा सगळा डोलारा अशा जवळ असलेल्या घरावर उभा होता, इतका की त्याची वेगळी दखल घेण्याची गरज कुणाला भासली नाही. समुद्र ओलांडून जाणाऱ्या पथकाच्या बाबतीत हा आधार एकदमच निखळून पडला.

पथकाचे निमित्त असे घडले. जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर पूर्ण ताकदीनिशी आक्रमण केले. चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्गसेनेचे सेनापती चू ते यांनी त्याच वर्षाच्या अखेरीस नेहरूंना पत्र पाठवून वैद्यकीय मदतीची मागणी केली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी त्यासाठी देशाला आवाहन केले, सुमारे बावीस हजार रुपयांचा निधी जमला आणि एक रुग्णवाहिका व पाच डॉक्टर पाठवण्याचे ठरले. अशा उपक्रमाला एक जुना दाखलाही होता. बाल्कन युद्धाच्या काळात, १९१२ च्या डिसेंबरात, डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांनी मुंबईहून एक वैद्यकीय पथक तुर्कस्तानला नेले होते आणि ते पुढच्या वर्षी परतले. मात्र अन्सारींचे पथक ज्यांच्या मदतीला गेले, ते एक मान्यताप्राप्त राज्य होते. १९३८ च्या पथकाला शेवटी ज्या प्रदेशात काम करायचे होते, तो एका बाजूने जपानी सैन्याने आणि दुसऱ्या बाजूने चीनच्याच राष्ट्रवादी सरकारच्या संशयाने वेढलेला होता.

निवडले गेलेले पाच जण म्हणजे अलाहाबादचे डॉ. मदन मोहनलाल अटल, नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू व डॉ. देबेश मुखर्जी आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस. प्रमुखपद अटल यांच्याकडे होते, कारण स्पेनमध्ये प्रजासत्ताक पक्षाच्या वैद्यकीय सेवेत त्यांनी आधी काम केले होते. वयाने ज्येष्ठ असलेले चोळकर उपप्रमुख होते. कोटणीस १० ऑक्टोबर १९१० रोजी जन्मलेले आणि मुंबईत वैद्यकीय शिक्षण पूर्ण केलेले, म्हणजे तिशीच्याही आतले. १ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ या आगबोटीने पथक मुंबई बंदरातून निघाले.

पथक पुढे सरकत गेले तसतशी मागची वाट बंद होत गेली, आणि पुढच्या सगळ्या आजारपणांचा अर्थ या एका गोष्टीशी बांधलेला आहे. कँटन बंदरात सन यत्-सेन यांच्या पत्नी सूंग चिंग-लिंग यांनी पथकाचे स्वागत केले. तिथून ते हांकौला पोहोचले आणि चिनी रेडक्रॉसच्या देखरेखीखाली काम करू लागले. ऑक्टोबर १९३८ च्या उत्तरार्धात आधी कँटन आणि पाठोपाठ हांकौ-वूहान जपान्यांच्या हाती पडले. ज्या बंदरातून पथक चीनमध्ये शिरले, ते महिना-दीड महिन्यात शत्रूचे झाले. पथक यांगत्सी नदीच्या वरच्या अंगाला यीचांगमार्गे चुंगकिंगला हटले. तिथे शांतिनिकेतनच्या चीन भवनाचे प्रमुख तान युन-शान यांनी प्रत्येकाच्या नावाला चीनवाचक ‘ह्वा’ जोडून चिनी नावे दिली; कोटणीस ‘के दि-ह्वा’ झाले. चुंगकिंगमध्ये असतानाच कोटणीसांना वडील वारल्याची बातमी कळली. सहकाऱ्यांनी घरी जाण्याचा सल्ला दिला असता ते थांबले, असे त्यांच्या सर्व चरित्रांत आढळते. जानेवारी १९३९ मध्ये पथक उत्तरेकडे निघाले आणि फेब्रुवारीत येनानला पोहोचले.

येनान हा पिवळ्या, भुसभुशीत मातीच्या टेकड्यांचा प्रदेश आहे. या मातीत उभ्या कड्याला आडवी पोखरण करून गुहेसारखी घरे काढण्याची तिथली जुनी रीत आहे. हिवाळ्यात ती उबदार आणि उन्हाळ्यात थंड राहतात, शिवाय विमानातून टाकलेल्या बाँबपासून त्यांत बचाव होतो. आठव्या मार्गसेनेची इस्पितळे अशाच गुहांत होती. जखमींच्या बरोबरीने तिथे उवांमुळे पसरणारा सन्निपात ज्वर, हगवण, हिवताप, खरूज आणि क्षय यांचे रोगी येत. दोन्ही बाजूंच्या नाकेबंदीमुळे भूल देण्याचे औषध, क्विनीन, रबरी हातमोजे, शस्त्रक्रियेची हत्यारे यांची सतत ओढाताण असे. सूंग चिंग-लिंग यांनी १९३८ मध्येच हाँगकाँगला स्थापन केलेली चीन संरक्षण संघ ही संस्था परदेशांतून मदत गोळा करून यातला काही माल उत्तरेकडे पोहोचवीत असे. पण हजारो मैलांचा हा पुरवठा कुठल्याही टप्प्यावर अडत असे, आणि १९४१ च्या आरंभी राष्ट्रवादी व कम्युनिस्ट सैन्यांत उघड चकमक झाल्यावर तो अधिकच आटला.

अशा ठिकाणी आजारी पडलेल्या परदेशी डॉक्टरपुढे तीन मार्ग असत. आपल्याच सहकाऱ्याकडून, आहे त्या औषधांवर उपचार करून घेणे हा पहिला. आघाडीपासून येनानला किंवा चुंगकिंगला मागे जाणे हा दुसरा. त्यासाठी आठवडेच्या आठवडे खेचरावर, पायी किंवा मालमोटारीत काढावे लागत आणि तो प्रवास निरोग्यालाही आजारी पाडील असा होता. मायदेशी परतणे हा तिसरा. ब्रिटिश प्रजाजन म्हणून या डॉक्टरांना ब्रिटिश वकिलातीकडे दाद मागता आली असती. परंतु काँग्रेसने पाठवलेल्या आणि कम्युनिस्टांच्या गोटात वावरणाऱ्या माणसांनी त्या दाराशी जाणे म्हणजे ज्यांच्याविरुद्ध मायदेशी लढा चालू होता, त्यांच्याच हाती आपली प्रकृती सोपवणे होते.

पाचांपैकी तिघांना तिसरा मार्ग घ्यावा लागला. चोळकर आणि मुखर्जी १९३९ मध्येच परतले. चोळकरांचे वय आणि तिथला कडक हिवाळा यांचा मेळ बसणे कठीण होते, तर मुखर्जींना मूत्रपिंडाच्या विकाराने गाठले होते. मुतखड्याच्या कळा किंवा मूत्रपिंडाची सूज असलेल्या माणसाला भरपूर स्वच्छ पाणी, विश्रांती आणि वेळ पडल्यास शस्त्रक्रिया लागते. गुहेतल्या इस्पितळात यातले पाणीसुद्धा उकळून, मोजून वापरायचे होते. अटल त्यानंतर कोटणीस व बसू यांच्यासह शान्सी प्रांतातल्या आघाडीपर्यंत गेले, पण हट्टी त्वचारोगाने त्यांना बेजार केले आणि १९४० मध्ये त्यांनाही परतावे लागले. त्वचारोग ऐकायला किरकोळ वाटतो, परंतु हात सतत धुऊन, जंतुनाशकात बुडवून काम करणाऱ्या डॉक्टरच्या कातडीला भेगा पडू लागल्या, तर त्याच्या हाताने रोग्याला आणि रोग्याच्या जखमेतून त्याला दोघांनाही धोका पोहोचतो. या दृष्टीने अटल यांचे परतणे वैद्यकीय निकषावरही रास्त ठरते.

तरीही या तिघांची नावे आज महाराष्ट्रात कितीजणांना सांगता येतील, हा प्रश्नच आहे. चोळकर तर नागपूरचे, मराठी माणूस. उतारवयात घरदार आणि व्यवसाय सोडून ते युद्धभूमीवर गेले होते. परतलेल्या स्वयंसेवकाबद्दल लोकमानसात एक अस्फुट संशय असतो: तो टिकला नाही, असा. आजार हे परतण्याचे कारण म्हणून मान्य होते, पण गौरवाचे कारण म्हणून होत नाही. त्यामुळे तिघांचे काम त्यांच्या आजारपणाबरोबर विस्मरणात गेले आणि पथकाचा इतिहास हळूहळू एका माणसाचा इतिहास झाला.

याच काळातले एक वेगळे मराठी उदाहरण स्पेनचे आहे. नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार इंग्लंडमध्ये शिकत असताना जॉन स्मिथ हे नाव घेऊन आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दलात भरती झाले, एप्रिल १९३८ मध्ये गांदेसाजवळ फ्रँकोच्या सैन्याच्या हाती सापडले आणि बर्गोस शहराजवळच्या सान पेद्रो या जुन्या मठात काही महिने बंदिवासात राहिले. त्यांची सुटका त्याच वर्षी झाली. दाटीवाटी, उवा आणि निकृष्ट आहार यांनी ग्रासलेल्या त्या मठात बंदिवान डॉक्टरच बंदिवान रोग्यांना पाहत. स्वयंसेवक शत्रूच्या ताब्यात गेला, की औषधोपचार मागण्याचा त्याचा हक्क बंदी करणाऱ्याच्या मर्जीवर येतो. खोट्या नावाने लढणाऱ्याच्या बाबतीत तर त्याच्यासाठी विचारणा कोणी कोणाकडे करायची, इथपासून अडचण होती.

कोटणीसांकडे वळण्यापूर्वी नॉर्मन बेथ्यून या कॅनेडियन शल्यचिकित्सकाच्या मृत्यूकडे पाहणे आवश्यक आहे, कारण कोटणीसांच्या आजाराला पुढे ज्या मापाने मोजले गेले, ते माप बेथ्यूनच्या मृत्यूने घडवले. १८९० मध्ये जन्मलेल्या बेथ्यूनना तिशीनंतर फुप्फुसाचा क्षय झाला होता. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रूडो आरोग्यधामात असताना त्यांनी फुप्फुसाभोवतीच्या पोकळीत हवा भरून रोगट फुप्फुसाला विश्रांती देण्याचा त्या काळातला धाडसी उपचार स्वतःवर करवून घेतला, ते बरे झाले आणि पुढे छातीच्या शस्त्रक्रियांकडेच वळले. १९३६-३७ मध्ये स्पेनच्या आघाडीवर त्यांनी फिरती रक्तसंक्रमण सेवा चालवली, म्हणजे शहरात दिलेले रक्त बाटल्यांत साठवून थेट रणांगणाजवळ पोहोचवले. १९३८ च्या आरंभी ते चीनला आले आणि येनानहून पुढे शान्सी, चाहार आणि हेबेई या प्रांतांच्या सीमेवरील डोंगराळ मुलखात गेले.

ऑक्टोबर १९३९ च्या अखेरीस एका घाईच्या शस्त्रक्रियेत बेथ्यून यांचे बोट कापले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, हातमोज्यांशिवाय, अत्यंत सांसर्गिक जंतुदोष झालेल्या एका जखमी सैनिकावर त्यांनी शस्त्रक्रिया केली आणि जंतू त्या कापातून रक्तात शिरले. जंतूंमुळे सगळ्या शरीरावर होणाऱ्या या हल्ल्याला जंतुविषरक्तता म्हणतात. त्यावर काही प्रमाणात गुणकारी ठरणारी सल्फा औषधे १९३५ पासून युरोपात वापरात येऊ लागली होती, पण डोंगरातल्या त्या इस्पितळांत औषधांची वानवा होती. पेनिसिलिन तर अजून प्रयोगशाळेबाहेर आले नव्हते. १२ नोव्हेंबर १९३९ रोजी हेबेईतील एका खेड्यात बेथ्यून वारले. मरणापूर्वी सेनापती न्ये रुंगचन यांना लिहिलेल्या निरवानिरवीच्या पत्रात त्यांनी आपल्या वस्तू कोणाला द्याव्यात हे सांगितलेच, शिवाय हिवतापासाठी क्विनीन आणि रक्तक्षयासाठी लोहाची औषधे दरवर्षी किती विकत घ्यावीत याचाही हिशेब मांडला. डिसेंबरात माओ त्से-तुंग यांनी त्यांच्यावर लेख लिहिला. तो पुढे चीनमध्ये घरोघर वाचला गेला, आणि त्यातून परदेशी डॉक्टरच्या मृत्यूचा एक साचा तयार झाला: रोग्याच्या जखमेतून आलेला, सेवेतच ओढवलेला मृत्यू.

कोटणीस आणि बसू १९४० च्या मध्यास याच सीमाप्रदेशात पोहोचले. त्याच वर्षी ऑगस्टपासून आठव्या मार्गसेनेने जपानी दळणवळणावर ‘शंभर रेजिमेंटांची मोहीम’ म्हणून ओळखली जाणारी मोठी चढाई केली आणि जखमींचा लोंढा सुरू झाला. कोटणीस आघाडीच्या मागे काही मैलांवर, मिळेल त्या घरात किंवा देवळात शस्त्रक्रिया करीत होते; सलग तीन दिवस-रात्र ते टेबलापाशी उभे राहिल्याच्या आठवणी सांगितल्या जातात. जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता इस्पितळाचे संचालकपद त्यांच्याकडे आले. संलग्न वैद्यकीय शाळेत ते चिनी भाषेतून शल्यशास्त्र शिकवत आणि त्यासाठी पाठ्यपुस्तकही लिहीत होते. २५ नोव्हेंबर १९४१ रोजी त्यांनी तिथल्या परिचारिका-अध्यापिका ग्वो चिंग-लान यांच्याशी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला आणि त्याचे नाव भारत व चीन या दोघांची चिनी नावे जोडून ‘यिन-ह्वा’ असे ठेवण्यात आले.

या इस्पितळाला स्थिर इमारत अशी फारशी लाभलीच नाही. जपानी सैन्य वेळोवेळी गावेच्या गावे जाळीत झाडाझडती घेई, तेव्हा रोगी शेतकऱ्यांच्या घरांत विखरून ठेवले जात, हत्यारे खेचरांवर लादली जात आणि इस्पितळ डोंगर ओलांडून दुसऱ्या खोऱ्यात जाई. १९४२ हे वर्ष त्या सीमाप्रदेशात झाडाझडतीचे आणि उपासमारीचे होते. अपुरा आहार, जागरण आणि अविरत धावपळ यांच्या जोडीला कोटणीसांना अपस्माराचे, म्हणजे फेफऱ्याचे, झटके येऊ लागले.

अपस्मारात मेंदूतील पेशींचे विद्युत्-व्यवहार एकाएकी बेताल होतात. रोगी शुद्ध हरपून पडतो, हातपाय झटकतो आणि काही वेळाने बहुधा आपोआप भानावर येतो. झटका संपण्याआधीच दुसरा येत राहिला आणि मध्ये शुद्ध परतलीच नाही, तर तो प्राणघातक ठरू शकतो. या रोगावर उपाय नव्हते असे नाही. फिनोबार्बिटल हे औषध १९१२ पासून वापरात होते आणि फेनिटॉइन या नव्या औषधाचा गुण अमेरिकेत नेमका १९३८ मध्ये, पथक मुंबईहून निघाले त्याच वर्षी, सिद्ध झाला होता. पण ही औषधे एकदा घेऊन भागत नाहीत. ती रोज, वर्षानुवर्षे, खंड न पाडता घ्यावी लागतात, आणि अचानक थांबवल्यास झटके बळावतात. शिवाय झोप मोडणे हे झटका ओढवून आणणारे एक प्रमुख कारण आहे. रोजचे औषध आणि रोजची झोप या दोनच गोष्टी त्या रोग्याला सर्वांत जास्त हव्या असतात आणि गनिमी युद्धातल्या फिरत्या इस्पितळात नेमक्या त्याच मिळणे दुरापास्त असते.

सेनापती न्ये यांनी कोटणीसांना उपचारांसाठी येनानला किंवा हाँगकाँगला जाण्यास सुचवले आणि त्यांनी नकार दिला, असे बहुतेक चरित्रकार सांगतात. यातल्या हाँगकाँगच्या पर्यायाकडे जरा बारकाईने पाहायला हवे. २५ डिसेंबर १९४१ रोजी हाँगकाँग जपान्यांनी घेतले आणि १९४२ च्या वसंतात ब्रह्मदेशातून चीनला जोडणारी सडकही तुटली. म्हणजे ज्या वर्षी आजार विकोपाला गेला, त्या वर्षी समुद्राकडे जाणारी कोणतीही सोयीची वाट उरलेली नव्हती. येनानला जाता आले असते. पण त्यासाठी जपानी ठाण्यांच्या रांगांतून, रात्रीचे, पायी जावे लागले असते, आणि वाटेत झटका आला असता, तर बरोबरच्यांचाही जीव धोक्यात आला असता. नकाराला निव्वळ त्यागाचे नाव दिले, की ही सगळी परिस्थिती दृष्टीआड होते आणि निवडीला फारशी जागा नसलेला माणूस स्वेच्छेने मरण पत्करणारा भासू लागतो. कोटणीसांच्या धैर्याला यामुळे उणेपणा येत नाही. मात्र त्यांच्या मृत्यूचे कारण त्यांच्या मनोबळात शोधण्याऐवजी रस्ते, नाकेबंदी आणि औषधपुरवठा यांत शोधणे इतिहासाच्या दृष्टीने अधिक योग्य आहे. ९ डिसेंबर १९४२ रोजी, लागोपाठ आलेल्या झटक्यांनंतर, तांग परगण्यातील गेगोंग या खेड्यात वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते वारले. मुलगा तेव्हा चार महिन्यांचाही नव्हता.

ज्यांनी त्यांना पाठवले होते, ते त्या दिवशी कुठे होते? ऑगस्ट १९४२ मध्ये ‘छोडो भारत’चा ठराव होताच काँग्रेस बेकायदा ठरवण्यात आली होती, नेहरू अहमदनगरच्या किल्ल्यात आणि गांधीजी पुण्याच्या आगाखान महालात स्थानबद्ध होते. सुभाषबाबू जर्मनीत होते आणि ज्या जपानशी लढणाऱ्यांची शुश्रूषा करताना कोटणीस वारले, त्याच जपानच्या साहाय्याने हिंदुस्थान स्वतंत्र करण्याच्या वाटेवर होते. ही विसंगती त्या काळाच्या राजकारणाची आहे आणि तिची चर्चा अन्यत्र पुष्कळ झाली आहे. प्रस्तुत विषयापुरते इतकेच महत्त्वाचे, की स्वयंसेवकाच्या पाठीशी उभी असलेली संस्थाच तुरुंगात गेल्यावर त्याच्या औषधपाण्याची चौकशी करणारे कोणी मायदेशी उरत नाही. पाचांपैकी शेवटचे बसू १९४३ मध्ये परतले.

त्यानंतरचा भाग स्मृतीचा आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांनी कोटणीसांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि त्याच्या आधारे व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढून त्यात स्वतःच कोटणीसांची भूमिका केली. चित्रपटाने कथेच्या मध्यभागी एक भयंकर प्लेगची साथ आणली आणि तिच्यावर उपाय शोधताना स्वतःच त्या रोगाने ग्रासला जाणारा डॉक्टर उभा केला. चित्रपटकाराला कथा रचण्याची मोकळीक असतेच; पण प्लेगच का निवडला, हे विचार करण्याजोगे आहे. १८९६ मध्ये मुंबईत शिरलेल्या प्लेगने पुढची कित्येक वर्षे दख्खन आणि खानदेशातली गावे ओस पाडली होती. उंदीर पडू लागले, की लोक घरे सोडून शेतात झोपड्या घालून राहत, आणि १९४६ च्या प्रेक्षकांतल्या वडीलधाऱ्यांना ते दिवस चांगले आठवत होते. प्लेग बाहेरून येतो, रोग्याकडून डॉक्टरला लागतो आणि त्याच्या सेवेची साक्ष देतो. बेथ्यूनच्या मृत्यूने घातलेल्या साच्यात तो अचूक बसतो.

फेफरे या साच्यात बसत नाही. ते कोणा रोग्याकडून लागत नाही, शत्रूच्या गोळीने येत नाही, आणि आपल्याकडे तर त्याला लाजेची काळी किनार आहे. झटका आलेल्याच्या नाकाला कांदा किंवा जोडा लावणे, त्याला बाहेरची बाधा समजून भगताकडे नेणे, घरातल्या मुलीला झटके येतात ही गोष्ट स्थळ पाहायला आलेल्यांपासून लपवणे, हे सारे खानदेशातच नव्हे तर महाराष्ट्रभर परिचयाचे आहे. कायद्यानेही या समजुतीला बराच काळ आसरा दिला होता. हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचे वारंवार येणारे झटके ही विवाहाला बाधक अट मानली जात होती आणि ती १९९९ च्या दुरुस्तीने वगळण्यात आली. ज्या समाजात हा आजार लग्नाच्या बोलणीत दडवला जात होता, त्या समाजाच्या लोकप्रिय नायकाला रुपेरी पडद्यावर दुसऱ्या रोगाशी झुंजावे लागले, यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. परिणाम मात्र असा झाला, की विवाहित, बापमाणूस, शल्यचिकित्सक, अध्यापक आणि एका इस्पितळाचा संचालक असलेल्या माणसाला अपस्मार होता, हे उदाहरण त्या आजाराने पिचलेल्या कुटुंबांपर्यंत पोहोचू शकले असते, ते पोहोचले नाही.

चीनमध्ये कोटणीसांची समाधी पुढे शिच्याच्वांग येथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत नेण्यात आली आणि बेथ्यून यांचे नाव धारण करणारे इस्पितळही त्याच शहरात आहे. मुलगा यिन-ह्वा वैद्यकीय शिक्षण घेत असताना १९६७ मध्ये, ऐन पंचविशीच्या उंबरठ्यावर, वारला. ग्वो चिंग-लान २०१२ पर्यंत जगल्या आणि भारतातही येऊन गेल्या. बसू यांनी कलकत्त्यात वैद्यकी चालू ठेवली, पुढे पुन्हा चीनला जाऊन सुया टोचून उपचार करण्याची तिथली पद्धत शिकून घेतली आणि ती भारतात रुजवण्यासाठी काम केले. पथकाची त्यांनी लिहिलेली समग्र हकिकत ‘कॉल ऑफ येनान’ या नावाने १९८६ मध्ये प्रसिद्ध झाली, म्हणजे शांतारामांच्या चित्रपटानंतर चाळीस वर्षांनी.